नंदकिशोरचं अंथरूण

...अन् वरून म्हणते, थंडी कुठं हाये? आता तुम्हीच सांगा, डोक्यावर माकडटोपी, माकडटोपीवर मफलर, मफलरवर बायकोची शाल, आत दोन स्वेटर, असा माणूस गादीच्या वळकटीसारखा वावरात उभा, नाक गळून राह्यलं, अन् तोंडानं काय, तर थंडी कुठं हाये!

हा आमचा नंदकिशोर. जिंदगीभर बालाघाटच्या सरकारी दफ्तरात पंख्याखाली बसला, रिटायर झाला, अन् त्याच्या दोस्तानं, दुलीचंदनं, त्याच्या डोक्यात भरवलं का मलाजखंडकडच्या जंगलात जाऊ, तंबूत झोपू. नंदकिशोर पोट्ट्यासारखा हरखला. काहून नाही हरखणार? लग्नपत्रिका सोडून त्याले कोणी कुठं बोलावलंच नव्हतं.

पण घरी उमाबाई हाये ना. तिनं तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता सांगतलं, "तुमाले पंख्यानं सर्दी होते. आधी लालबर्र्याच्या आपल्या वावरात एक रात तंबूत काढा. सकाळपर्यंत अंथरूण सोडलं नाही तर जा जंगलात. सोडलं, तर नाव काढायचं नाही."

"हौ," म्हणे हा, "थंडी कुठं हाये?"

मग दुलीचंदचं ज्ञान सुरू. तो मोबाइलवर पाहून सांगते, "भैया, ठंड ऊपर से नहीं, नीचे से आती है. और परदा थोड़ा खुला रखना, नहीं तो अंदर ओस जमती है." झालं! धान नुकतंच मळलं होतं, नंदकिशोरनं तंबूत हातभर तनस, धानाचा पेंढा, अंथरलं. पडदा ठेवला उघडा. अन् तंबू लावला कुठं? वारा अडावा म्हणून गोठ्याच्या आडोशाले, उमाबाईच्या म्हशीच्या तोंडासमोर. तुम्हाले सांगतो, म्हशीसमोर ताजं तनस वाढून त्याच्यावर स्वतः झोपणारा माणूस मी तरी हा एकच पाह्यला. तुम्ही हसू नका, तुमच्या घरी कोण काय करते ते मले ठाऊक हाये.

सकाळी उमाबाई चहा घेऊन गेली. तंबू आडवा. आत तनसाची काडी नाही. दाव्यातून सुटलेली म्हैस मजेत रवंथ करत बसलेली, अन् तिच्या पोटाले टेकून नंदकिशोर. शाल अर्धी त्याच्यावर, अर्धी म्हशीवर.

"सोडलं ना अंथरूण?"

"मी कुठं सोडलं?" नंदकिशोर डोळे चोळत म्हणे. "अंथरूणच हिच्या पोटात गेलं. मी रातभर त्यालेच चिकटून होतो. हात लावून पाह, कसं गरम हाये. थंडी कुठं हाये?"

उमाबाईनं खरंच हात लावून पाह्यला. चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला.

"बरोबर हाये. जिंकले तुमी. जा जंगलात."

नंदकिशोर दुलीचंदले फोन लावून राह्यलाच होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "पण झोपायचं ह्याच अंथरुणावर. घेऊन जा संगं."

आता काय करते? दुलीचंद जीप घेऊन आला, तेव्हा त्याले विचारून पाह्यलं बिचाऱ्यानं. दुलीचंदनं एकदा म्हशीकडं पाह्यलं, एकदा आपल्या जीपकडं. "भैया, गाड़ी में जगह नहीं है."

दुलीचंद बाकीच्या दोस्तायले घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जंगलातून फोन आला, दुलीचंदचे दात वाजून राह्यले होते. "भैया, बहुत ठंड है यहाँ. उधर कैसी है?"

नंदकिशोर गोठ्यात म्हशीले टेकून बसला होता.

"थंडी कुठं हाये, दुलीचंद," म्हणे. "थंडी तर तुमच्यासंगं गेली."