मोरिता साहेबांची टीम

दापोडीच्या स्टॉपवर आम्ही चाकणच्या कंपनी बसची वाट बघत होतो. माझ्या मागे दोघे बोलत होते.

"दिग्विजय, तोंड का उतरलंय रं?"

"बेसबॉलची सिरीज हरलो, सयाजीकाका. तिन्ही मॅच गेल्या. आमचा बॉल टाकणारा दमला होता, तरी कोचनं बदलला नाही."

"जपानातल्या टीमचं तुला काय पडलंय?"

"मशीन शिकवायला मोरिता साहेब आले होते ना, त्यांनी नाद लावला. ते एका टीमच्या बाजूचे, म्हणून मी मुद्दाम समोरची धरली."

"म्हंजी साहेब जिंकलं."

"हो. जिंकले की मला चिडवायला माकडाचं चित्र पाठवतात. या वेळी काहीच नाही आलं."

"आजारी हायत का?"

"मागं ऑपरेशन झालंय त्यांचं."

"मग फोन लाव की!"

"बोलू काय? मला जपानी येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही. इथं होते तेव्हा दुभाष्या असायचा."

"आधी लाव तर."

रिंग बराच वेळ वाजली.

"मोरिता-सान? दिग्विजय. चाकण, चाकण!"

मग तो नुसताच ऐकत राहिला.

"काय म्हणत्यात?"

"काही नाही, काका. हसतायत. मोठमोठ्यानं हसतायत."