सगळं ठीक आहे असं लिहू नका

नाही नाही, तिथेच थांबा, फाटकाच्या पलीकडे, बरोबर आहे तुमचं — एरवी आत बोलावलं असतं हो, चहा टाकला असता, माणसाला दारात उभं करून बोलायची सवय नाही मला, पण हल्ली चहाचं नाव काढलं की समोरचा दोन पावलं मागे सरकतो. काय म्हणालात, कौन्सिलच्या मुलांच्या खात्यातून? हो, ऐकलं मी, मास्कमुळे जरा घोगरं येतं एवढंच. तक्रार आलीय. मूल रडतं म्हणून. आणि कोणी केली ते सांगायची परवानगी नाही तुम्हाला — नका सांगू, मीच सांगते. मॉरीन. ही शेजारची, निळ्या दाराची. मोठ्याने बोलतेय ना? मुद्दाम बोलतेय, ऐकू दे तिला. कचऱ्याचा डबा चुकून तिच्या फाटकासमोर राहिला होता ख्रिसमसच्या आठवड्यात, तेव्हापासून धरून बसलीय. दिवसभर भिंतीला कान लावून बसायचं, दुसरं काम काय? आम्हाला आहेत कामं. हे गळ्यात काय आहे म्हणता? हेडफोन आहे, बाई. जेवणाच्या सुट्टीत आहे मी, म्हणून तर दार उघडलं. नाहीतर तुम्ही बेल वाजवत बसला असतात आणि मी आत कोणाच्या तरी वॉशिंग मशीनचं दुखणं ऐकत बसले असते.

हो, तेच काम माझं. मशीन बिघडलं की लोक फोन करतात, आम्ही गोड आवाजात सांगायचं की ह्या बिघाडाला हमी लागू होत नाही. आधी ऑफिसात बसायचो, डॉकच्या बाजूला, आता प्रत्येकाच्या घरी एकेक लॅपटॉप दिलाय — माझा मागच्या खोलीत आहे, इस्त्रीच्या टेबलावर. नाही, घरून काम चांगलंच की, कोण नको म्हणतंय, पण जानेवारीत कोरोनामुळे शाळा बंद झाल्या नि पाच वर्षांचं मूल घरात आलं, त्याचं काय करायचं ते नाही कोणी लॅपटॉपच्या खोक्यात घालून पाठवलं. फर्लो मागितला मी — काय बघताय, मागितला, शाळा बंद झाल्या त्याच दिवशी मागितला! घरी बसा, पगाराचा मोठा वाटा सरकार भरेल, शाळा बंद म्हणून अडलेल्या आईबापांनाही देता येईल, असं सरकारनेच सांगितलंय ना? कंपनीने फक्त हो म्हणायचं. क्रेग — आमचा मॅनेजर — म्हणाला, "अगं शॅनन, फर्लो ज्यांना काम नाही त्यांच्यासाठी. तुला काम आहे. नशीबवान आहेस तू." नशीबवान! मी त्याला सरकारचं वाक्य वाचून दाखवलं. तर म्हणे, देता येईल असं लिहिलंय, द्यावाच लागेल असं कुठे लिहिलंय? आणि लोक घरात बसलेत, कपडे धुतायत, मशीनं मोडतायत, माणसं कमी पडतायत. मग बिनपगारी घे म्हणाला. मी म्हटलं, घरभाडंही बिनपगारी करून देतोस का? हसला. चांगला आहे तसा, हसतो. मी परत मागितला, मग परत, आणि नंतर तर तो माझं नाव दिसलं की आधीच मान हलवायला लागला. आमच्यातल्या बहुतेक आयांना असंच नाही म्हणाले हो, एकटी मीच नाही. एकीने तर नोकरी सोडली. तिचा नवरा आहे. टिलीचा बाप? त्याचा संसार डॉन्कास्टरला आहे, त्यातून सवड झाली की वाढदिवसाला फोन करतो. आणि माझी आई क्लीथॉर्प्सला, इथून हाकेच्या अंतरावर, पण तिची छाती असली नाजूक की टिलीला खिडकीच्या काचेतूनच पापी देते. आता सांगा, कोणाकडे ठेवू?

पण ठेवलंय मी व्यवस्थित. ते तर लिहाल ना? खिडकीतून बघा, ती बसलीय बघा — हात कर गं, टिली, बाईंना हात कर! — केस विंचरलेले आहेत, न्याहारी झालीय, शाळेतल्या बाईंचा ऑनलाइन धडा सकाळी झालाय, माझी ड्युटी सुरू व्हायच्या आत मी तिच्याबरोबर बसते, अक्षरं गिरवून घेते. फ्रिज बघायचाय? दार उघडून धरते, लांबून बघा. फळं आहेत. दूध आहे. अहो, आमचा एक खेळ आहे — मम्मीने हात वर केला की पुतळा व्हायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, मम्मीचं गिऱ्हाईक गेलं की मी हात खाली करते, मग पुतळा सुटतो. हुशार आहे, कधीकधी सबंध कॉलभर उभी राहते, एका पायावर. हसलात ना? सगळेच हसतात. कधी कधी मीच हात खाली करायला विसरते — लगेच दुसरा कॉल येतो ना — आणि मग बघते तर ही तशीच उभी. पण ते जाऊ दे. तेवढं लिहू नका.

रडणार नाही का, मूल आहे! मैत्रिणी नाहीत, शाळा नाही, आई दिसते पण मिळत नाही. गेल्या आठवड्यातलं म्हणता? कुठला दिवस? — बुधवार. हो, बुधवारी रडली. रंगाचं पेन सापडत नव्हतं. बराच वेळ रडली, असं लिहिलंय का मॉरीनबाईंनी? आणखी काय लिहिलंय? वाचा ना, नाव नका सांगू, नुसतं वाचा. काय? परत वाचा. "मी आता गप्प बसले, मम्मी." असंच? ह्याच शब्दांत?

थांबा हं जरा.

नाही, काही नाही — हे मॉरीनला कसं ऐकू येईल? ती मागची खोली आहे, गल्लीच्या बाजूची, मॉरीनची भिंत पुढच्या खोलीला आहे. आणि टिली ओरडून नव्हती म्हणाली. ती रडून रडून थांबली होती, माझ्या टेबलाखाली येऊन बसली होती, गुडघ्याला डोकं टेकून पुटपुटली — मलाही अर्धंच ऐकू आलं, मी फोनवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना हमीच्या अटी वाचून दाखवत होते. त्या गृहस्थांनी? नाही हो, त्यांना कानाने कमी ऐकू येत होतं, मलाच प्रत्येक अट दोनदा वाचावी लागली. मग ते ऐकलं कोणी? ही हेडफोनची माइकची दांडी आहे ना, तोंडासमोर येते ती, हिने. सगळे कॉल साठवून ठेवतात आमचे. त्यातले काही काढून ऐकतात, आम्ही गोड बोललो की नाही, अटी पूर्ण वाचल्या की नाही ते तपासायला. म्हणजे तिथे कोणीतरी चहा पीत पीत ऐकलं — मूल रडतंय, आई अटी वाचतेय — आणि त्यांना वाईट वाटलं. मुलाचं. म्हणून तुम्हाला कळवलं. कंपनीने कळवलं ना? तुम्हाला सांगता येत नाही, ठाऊक आहे, मान पण हलवू नका. मुलाला सांभाळायला सुट्टी द्या म्हटलं तर नाही म्हणतात, आणि मुलाला सांभाळत नाही म्हणून कौन्सिलला कळवतात — बिचारी मॉरीन, मी उगाच तोंडसुख घेतलं. नाही, मी रडत नाहीये. वारा आहे समुद्राचा.

काय म्हणालात? सगळं ठीक दिसतंय. घर नीट आहे, मूल हसतंखेळतं आहे, आई थकलीय पण सावध आहे. बरं वाटलं ऐकून. खरंच. मग आता काय होईल? फाइल बंद. म्हणजे तुम्ही परत येणार नाही. आणि बंद नसती केली तर? — नाही, सहज विचारतेय. तर एक सोशल वर्कर नेमतात. मुलाच्या नावावर. येऊन जाऊन बघते. अच्छा. आणि शाळा? शाळेत कोणकोण जातंय सध्या? ते मला माहितीय, बाई, मी दहा वेळा विचारलंय शाळेला, दवाखान्यातल्या लोकांची मुलं, दुकानात काम करणाऱ्यांची, पोलिसांची — वॉशिंग मशीनवाल्यांची नाही. आणि ज्यांच्या घरी धोका आहे ती मुलं. धोका आहे हे कोणी ठरवायचं? तुम्हीच ना? म्हणजे सोशल वर्कर असेल तर जागा मिळते. रोज, सकाळपासून दुपारपर्यंत, जेवणासकट. तिच्या वर्गात, तिच्या बाईंजवळ.

मग सगळं ठीक आहे असं लिहू नका.

नाही, थट्टा नाही करत. तुम्ही पेन खिशात ठेवताय, ते बाहेर काढा आधी. ठीक नाहीये इथे. मी आत्ता जे सांगितलं ते खरंय, फळं खरी, अक्षरं खरी, पण रंगाचं पेन खोटं. बुधवारी ती रडली ते पेनासाठी नव्हे. ती चित्र घेऊन आली दाखवायला, मी हात वर केला, ती थांबली नाही, पुतळा झालीच नाही, मम्मी बघ मम्मी बघ करत आली, आणि तो म्हातारा माणूस लाइनवर, आणि आदल्या आठवड्यातच क्रेगने तंबी दिली होती की पुन्हा मुलाचा आवाज आला तर बघू — तर मी पायाने दार ढकललं. बसल्या जागेवरून, पायाने. जोरात ढकललं. तिचं बोट फटीत होतं. मला दिसलं नाही, शपथ घेते, पण कळलं. आवाजावरून कळतं हो आईला. आणि तरी मी उठले नाही. गिऱ्हाइकाचा फोन मध्येच ठेवला तर नोकरी जाते, तसं लिहूनच घेतलंय आमच्याकडून. मी दार उघडलं पायानेच, ती आत आली, आणि मी अटी वाचत राहिले. सगळ्या. एका हाताने तिचं डोकं धरून. शेवटी विचारलंसुद्धा मी त्यांना, आणखी काही मदत करू का, सर? बोट काळंनिळं झालंय, नख जाणार आहे. हे लिहा. आई मुलाला दारात चेंगरते, आणि फोनवर बोलत राहते. लिहा ना. तुमच्या शिक्क्याने लिहा. माझ्या तोंडचं कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील.

विश्वास नाही बसत? अशा आया हल्ली रोज भेटतात तुम्हाला — शाळेत जागा मिळावी म्हणून स्वतःवर आळ घेणाऱ्या? असतील. मी काय करू त्यांना? त्यांनीही दारं ढकलली असतील. ठीक आहे, मुलीला विचारायचंय, विचारा, तिलाच विचारा. टिली! ये गं बाहेर, चपला घाल, इथे पायरीवर उभी राहा. बोट दाखव बाईंना. नाही, पट्टी काढू नकोस, नुसतं दाखव. दिसलं? आता ह्या बाई विचारतील, कसं लागलं, तर सांग बाळा.

काय म्हणाली? — बोट खेळण्यांच्या पेटीत सापडलं. नाही, टिली. ते मीच पढवलंय तिला, बाई, बुधवारी रात्री घोकून घेतलं, आजीने विचारलं तर पेटीचं झाकण म्हणायचं, शाळेतल्या बाईंनी विचारलं तर झाकण, कोणीही विचारलं तर झाकण. पण आता नको, टिली, आता खरं सांग, मम्मीच सांगतेय ना तुला. मम्मी नाही रागावणार. तू चित्र घेऊन आलीस, आणि मग दार — दाराचं काय झालं? कोणी लावलं दार? माझ्याकडे नको बघूस, त्यांच्याकडे बघ. हात खाली आहेत माझे, बघ, दोन्ही हात खाली आहेत, तू बोलू शकतेस.

परत तेच. झाकण पडलं. आणि मम्मी तिथे नव्हतीच.

हे "नव्हतीच" मी नव्हतं शिकवलं हो. ते तिचं तिने घातलं.

नाही, तुमचं काही चुकलं नाही. मुलाच्या तोंडून आलं ते तुम्ही घेतलंत, दुसरं काय घेणार? लिहा जे लिहायचं ते. मदतीचा फोन नंबर कशाला, राहू दे. सुट्टी संपली माझी, लाइनवर परत गेले नाही तर क्रेगकडे माझ्या नावापुढे लाल दिवा लागेल. फाटक लावून घ्या जाताना, वाऱ्याने आपटतं.

चल टिली, आत चल. हो गं. हो. बरोबर सांगितलंस.