हात मांडीखाली

डॉक्टर: टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा. पुन्हा करून बघा, सावकाश.

मुलगा: मूठ... तळवा... नाही, थांबा. मूठ, मूठ...

बाप: कड! अरे काज्या, कड कुठं गेली?

डॉक्टर: सांगू नका, मास्तर. आणि हे काज्या काय?

मुलगा: शिंप्याचा मुलगा असून मला काजं करता येत नाहीत. माझ्या काजात बटण शिरलं की बाहेर यायला मागत नाही.

बाप: लाडानं म्हणतो हो.

डॉक्टर: तिशीचे आहेत ते. बरं, डोळे मिटा. तळहातावर काय लिहिलं मी?

मुलगा: तीन?

डॉक्टर: आठ. असू दे. मास्तर, हे हातांचं गोळ्या सुरू झाल्यावर आलं, की आधीपासूनच होतं? नीट आठवून सांगा.

बाप: गोळ्यांनीच! त्याआधी हात कात्रीसारखा चालायचा.

डॉक्टर: गोळीनं येतो तसा ताठरपणा मनगटात तर लागत नाही मला. तुम्हाला काय आठवतं हो?

मुलगा: बाबांना ठाऊक.

डॉक्टर: मग गोळी बदलून बघावी लागेल.

मुलगा: या गोळीनं कानातले आवाज थांबलेत. सात महिने झाले. बदलली तर परत येतील?

डॉक्टर: येऊ शकतात. खोटं कशाला सांगू?

मुलगा: बाबा...

बाप: माझ्याकडे काय बघतोस? डॉक्टरबाईंना कळतं सगळं.

डॉक्टर: हात मांडीखाली का घेतलेत? गार पडलेत का?

मुलगा: बाबांनी सांगितलंय.

बाप: मी? कधी रे?

मुलगा: प्रार्थनेला. मी नऊ वर्षांचा होतो. तुम्ही पुढे गात होता आणि माझी टाळी सारखी चुकत होती. तुम्ही गाणं थांबवलंत. म्हणालात, "हात मांडीखाली घाल, देवाला तरी नीट ऐकू दे." सगळे हसले.

डॉक्टर: नऊ वर्षांचे असताना?

(बाप गळ्यातली मापाची टेप काढून बोटांभोवती गुंडाळत राहतो.)

डॉक्टर: मास्तर?

बाप: लिहा बाई. गोळीचा दोष नाही. बारा वर्षांचा होईपर्यंत बुटाची नाडी बांधता येत नव्हती त्याला. मला वाटायचं, आळशी आहे, मुद्दाम करतो. लाकडी पट्टीनं बोटांवर मारलंय मी. गिऱ्हाइकादेखत त्याचं शिवण उसवून अंगावर फेकलंय.

डॉक्टर: या आजारात काहींच्या हातापायांत अशा खुणा लहानपणापासून असतात, आजार दिसायच्या कितीतरी आधी. फार बारीक असतात. घरच्यांना कळत नाहीत.

बाप: मला कळल्या होत्या. कळल्या म्हणून तर मारत होतो.

डॉक्टर: बरं झालं बोललात. गोळी हीच ठेवू. सोडायची मात्र नाही.

मुलगा: नाही सोडणार. बाबा, खोटं का बोललात?

बाप: गोळीवर ढकललं की माझ्यावर येत नव्हतं.

मुलगा: आवाजही तेच म्हणायचे. हात मांडीखाली. तुमच्याच गळ्यानं.

बाप: माझ्या? इतकी वर्षं त्या गळ्यानं देवाचं नाव घेतोय रे मी... कुठल्या तोंडानं आता... ऐक, आज प्रार्थनेला येशील? पुढे, माझ्या शेजारी बसशील?

मुलगा: टाळी चुकेल.

बाप: चुकू दे.

मुलगा: लोक हसतील.

बाप: हसले तर गाणं थांबवीन आणि सांगीन, तेव्हा चूक कुणाची होती ते.

मुलगा: मग... हात काढू बाहेर, बाबा?