खुंट्यांवरून गेलेली पायवाट

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील दोन्ही माजी अधिकारी, आज निवृत्त होणारे आपले पक्षी मोजणीदार, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि बाहेर चहा तयार आहे हे माहीत असूनही सभागृहात थांबलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

तलाव विभागाचा अभियंता या नात्याने मला मोजणीदारांच्या कार्याचा गौरव करायला सांगितलं आहे. तो करायला माझ्याइतका अपात्र माणूस या इमारतीत नाही. पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

मोजणीदारांनी एकतीस वर्षं आपल्या तलावावरचे पक्षी मोजले, आणि ते माणसाला किती जवळ येऊ देतात तेही मोजलं. कसे? काठाच्या गवतातून एकेक पाऊल पाण्याकडे जायचं. थवा उडाला की जागच्या जागी थांबायचं आणि तिथे लाल खुंटी ठोकायची. माणूस किती जवळ आलेला पक्ष्यांना चालतो, याची ती खूण. वहिनी मघाशी म्हणाल्या, "घरीसुद्धा असेच येतात. मागे कधी उभे राहिले, कळत नाही."

सात वर्षांपूर्वी ते मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर गेले. त्याच महिन्यात फिरायला येणाऱ्यांसाठी पायवाट करण्याचा आदेश आला. मी पाहणीला गेलो, तर दीड किलोमीटर लाल खुंट्या ओळीने ठोकलेल्या. मला वाटलं, आखणी झालेली आहे. इतकी नेटकी आखणी मी नोकरीत दुसरी पाहिली नव्हती. पायवाट बरोबर त्या खुंट्यांवरून नेली. एक वीतही इकडेतिकडे नाही.

मोजणीदार परत आले. म्हणाले, "साहेब, आखणी कुणाची?"

"तुमचीच की! खुंट्या तुमच्याच ना?"

ते पायवाटेवरून चार पावलं चालून आले. मग म्हणाले, "मग आता रोज सकाळी सहापासून पक्षी उडवणार म्हणायचं."

तसंच झालं. आधी करकोचे गेले, मग बदकं, मग गवतात अंडी घालणाऱ्या टिटव्या. त्यांच्या जागी कावळे आले, डब्यातलं फेकलेलं खाणाऱ्या मैना आल्या, कुणालाच न बुजणारे बगळे आले. एकूण आकडा जवळजवळ तोच राहिला. मी अहवालात लिहिलं, "पक्षिसंख्येवर परिणाम नाही." त्यावर आपल्याला अभिनंदनाचं पत्रही आलं.

मोजणीदारांनी ते पत्र वाचलं आणि विचारलं, "साहेब, घरातली पाच माणसं निघून गेली आणि पाच भाडेकरू आले, तर बायकोला काय सांगाल? माणसं तितकीच आहेत?"

मी ते पत्र फाइलला लावलं.

पायवाट दीडशे पावलं मागे घेण्याचा प्रस्ताव त्यांनी पाच वेळा पाठवला. पाचही वेळा तो माझ्यामार्फत वर गेला आणि परत आला. कारणाच्या रकान्यात मी 'तांत्रिक कारणास्तव' लिहीत होतो; वरून विचारणा होत होती, कोणतं तांत्रिक कारण? ते कारण म्हणजे मी होतो. ते मी लिहिलं नाही, आणि मोजणीदारांनी कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, असं मी त्यांना परवा विचारलं. म्हणाले, "तुमची चूक तुमच्या अक्षरात जायला हवी. मी किती दिवस थांबायचं ते बघत होतो. आता सोमवारपासून मी नाही."

त्यांच्या जागी अजून कुणाची नेमणूक नाही. टिटव्यांच्या विणीला दोन महिने आहेत. काम सहा आठवड्यांचं आहे. अध्यक्षमहोदया, आपल्यासमोर फुलदाणीखाली जो कागद आहे, तो मानपत्र नाही. तो सहावा प्रस्ताव आहे. कारणाचा रकाना आज सकाळी मी भरला आहे. त्यात माझं नाव आणि हुद्दा आहे. सही फक्त आपली राहिली आहे.

मोजणीदारांना आणि वहिनींना निवांत आयुष्य लाभो. मला बोलू दिलंत, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पदरात घ्यावं. पायवाटेबद्दल मात्र मला क्षमा करू नये. ती हलवावी.