मानेला दालचिनीचं तेल

हे माझ्या नातीम्होरं काढू नका, तेवढं सांगून ठिवते. हिंजवडीत नोकरी करती ती. तिला बघायला राजगुरुनगरचे पाव्हणे येनार, म्हून हिनं दालचिनीचं अस्सल तेल अत्तरावानी मानेला चोपडलं.

म्या म्हनलं, "आगं, वाटीभर खोबरेलात दोन थेंब टाकून लाव. पोळशील!"

"आजी, नैसर्गिक आहे ते. काही होत नाही."

"बिब्बाबी झाडालाच लागतो, बाई!"

पाव्हणे चहाला बसले, तवर ओढणीखाली टरारून फोड आले. चारचौघांत लाजून मान खाली घालायची, तर हिची मान वाकंना. पोराची आई माझ्या कानाशी आली, "पोरगी लईच ताठ दिसती वो?"

फोड दाखवावं, तर कातडीचा रोग समजून उठून जातील. म्या म्हनलं, "शिकल्याली हाय."