वीस मीटरांवरून

हेस्टर : ते काही नाही बाबा, तुमच्या जुन्या गाडीची किल्ली द्या. उद्या माझी मुलगी लग्नाला माझ्या गाडीतून चर्चला जाईल.

ऑब्री : तुझ्या त्या फ्रिजमधून? फ्लोरा काय दुधाची बाटली आहे?

हेस्टर : त्या फ्रिजला पाच सीटा आहेत, सहा एअरबॅगा आहेत. तुमच्या जिनीला साधा पट्टा तरी आहे का?

ऑब्री : जिनी बासष्ट सालची आहे. तेव्हा माणसं डोळे उघडे ठेवून गाडी चालवायची. तुलाही हिच्यातूनच चर्चला नेलं होतं मी. तुझ्या आईनं स्वतःच्या हातानं हिच्या नाकावर पांढरी फीत बांधली होती. ती फीत अजून बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलीय.

हेस्टर : तेव्हा तुम्ही पंचावन्नचे होतात. आता त्र्याऐंशीचे आहात.

ऑब्री : म्हणजे खोट गाडीत नाही, माझ्यात आहे. मग तसं सरळ बोल ना.

हेस्टर : सरळ बोलते. मंगळवारी तुम्ही माझी गाडी चालवत होतात. बेकरीसमोर ती आपोआप थांबली.

ऑब्री : थांबली कसली, बोंबलली! जरा रेषेकडे सरकलो की टुंग, मागे घेतली की टुंग. त्यापेक्षा सासू परवडली. आणि समोर चिटपाखरू नसताना गचकन ब्रेक! जिनी कधी माझ्या कामात नाक खुपसत नाही.

हेस्टर : समोर बाई होती, बाबा.

ऑब्री : कुठली बाई?

हेस्टर : झेब्रा क्रॉसिंगच्या मधोमध. बाबागाडी ढकलत होती. मी तुमच्या शेजारीच बसले होते. त्या जागी जिनी असती तर?

ऑब्री : ऊन होतं डोळ्यांवर.

हेस्टर : सकाळपासून भुरभुर पाऊस होता.

ऑब्री : मग तेव्हाच का नाही बोललीस? तीन दिवस मिठाची गुळणी धरून बसलीस ती?

हेस्टर : तुमच्या मनाला लागेल म्हणून घाबरले. आता त्याहून जास्त घाबरलेय.

ऑब्री : हे बघ, लायसन्स आहे माझ्याकडे. गेल्याच महिन्यात ते रिन्यू करायचा फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, वीस मीटरांवरून नंबर प्लेट वाचता येते का? येते. खाली सही ठोकली.

हेस्टर : खरंच वाचून पाहिली होती?

ऑब्री : पासष्ट वर्षं गाडी चालवतोय मी. आता परीक्षा द्यायची?

हेस्टर : द्याच. जिनी शेडच्या दारात उभी आहे. इथून वीस मीटर भरतील. वाचा, म्हणजे पुन्हा तोंड उघडणार नाही मी. उद्या फ्लोराला तुम्हीच न्या.

ऑब्री : शब्द दिलास?

हेस्टर : दिला.

ऑब्री : मग ऐक. व्ही, एन, पी, सहाशे एकतीस. झालं समाधान? जा, डब्यातली फीत घेऊन ये.

हेस्टर : बाबा...

ऑब्री : काय? चुकलो का?

हेस्टर : नंबर बरोबर आहे. पण तो दिसतच नाहीये. फ्लोरानं सकाळी त्याच्यावर पुठ्ठा चिकटवलाय. लग्नाच्या गाडीला लावतात तसा.



ऑब्री : तुला माहीत होतं.

हेस्टर : हो.

ऑब्री : काय लिहिलंय पोरीनं?

हेस्टर : ‘आजोबा, हळू.’

ऑब्री : अक्षरं मोठी आहेत?

हेस्टर : चांगली ठळक आहेत. लाल रंगात.

ऑब्री : हं.

हेस्टर : असं करू का? जिनी मी चालवते. फ्लोरा तिच्यातूनच जाईल.

ऑब्री : आणि मी? दोनच सीटा आहेत तिला. मला फ्लोराच्या शेजारी बसायचं होतं गं. बाकी सगळा नुसता तोरा.

हेस्टर : माझ्या गाडीत मागे दोघं बसा ना. हात धरून.

ऑब्री : कळलं, कळलं. पाच सीटा. ही घे किल्ली.

हेस्टर : बाबा...

ऑब्री : रडू नकोस. तुझ्या फ्रिजचं नाक रुंद आहे. आईची फीत पुरते का, तेवढं बघ.