दिव्याभोवतीची चार बोटं जागा

माझं माहेर निपाणीकडचं, आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, घरात मराठी आणि दारात कन्नड असं आमचं बालपण. लग्न होऊन बेंगळूरला आले ती राजाजीनगरातच, मालक रिक्षा चालवायचे, अजून चालवतात, आणि मी घरी मशीनवर ब्लाऊज शिवते. गल्लीतल्या बायका मालनक्का म्हणतात, अक्का म्हटलं की बरं वाटतं बघा.

आमचं घर सगळ्यात वरचं, डोक्यावर नुसता स्लॅब. लोक म्हणतात बेंगळूर थंड, कुठलं थंड वो, काय सांगू तुम्हाला, उन्हाळ्यात दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका. आणि त्याच खोलीत आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पडून. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा पण गेली. अख्ख्या गल्लीशी बोलणारी बाई ती, ती गप्प झाली आणि घरच गप्प झालं. घामोळ्यांनी पाठ लाल व्हायची, मी ओल्या फडक्यानं पुसायची, परत घाम.

मग मालक म्हणाले छताला काहीतरी करू या. खोलीला पीओपीचं सीलिंग आधीपासूनच होतं, ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांनी केलेलं, आणि त्यात खोल बसवलेले गोल हॅलोजनचे दिवे. सीलिंगवाला आला, त्यानं पीओपी आणि स्लॅबच्या मधल्या पोकळीत ऊन अडवायला काचलोकरीच्या, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांच्या गाद्या ठासून भरल्या, एका बाजूनं कागद चिकटवलेल्या, त्या दिव्यांच्या डोक्यावरूनच गेल्या. खोटं कशाला बोलू, खोली गार झाली. आत्या त्या दुपारी शांत झोपल्या, मी देवापुढं साखर ठेवली.

मग एके दिवशी दुपारीच आभाळ भरून आलं, खोलीत अंधार, म्हणून दिवे लावून मी तिथंच शिवत बसले. बराच वेळ गेला असेल, आत्या डावा हात वर करायला लागल्या. पंखा पायजे काय म्हटलं तर नको म्हणून मान हलवली, पाणी नेलं तर तोंड फिरवलं. उजेड डोळ्यावर येतोय काय म्हणून वाकले तर माझा पदर धरला, घट्ट, आणि इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडातनं शब्द आला.

वास. जळतंय.

हसू का रडू कळेना हो मला. आत्या बोलल्या, आणि तेवढ्यात मलाही वास आला, कागद करपल्यासारखा. पहिल्यांदा मेन बंद केला, आत्यांची कॉट ओढत बाहेरच्या खोलीत आणली, कुठनं बळ आलं देव जाणे, आणि जिन्यातनं शिवण्णाला हाक मारली. शिवण्णा खालच्या मजल्यावरचा, वायरिंगची कामं करतो. त्यानं दिवा खाली ओढला तर वरचा कागद काळा पडलेला, वायरचं कव्हर मऊ झालेलं. अक्का, दिवा तापतो, त्याची गरमी जायला स्वल्प वाट पायजे, आणि त्याच्या डोक्यावर गोधडी घातलीय की, असं म्हणाला तो, अर्धं कन्नडमधनं.

संध्याकाळी मालक आले, तो काळा कागद हातात घेऊन आईजवळ बसून राहिले. तर आत्या त्यांना म्हणाल्या, जेव. मग ते रडले.

लोकर सगळी काढावी लागली नाही. शिवण्णानं हॅलोजन काढून एलईडी घातले, प्रत्येकावर पत्र्याचा टोप बसवला, दिव्यापासून चारी बाजूंनी आणि वर चार बोटं जागा सोडून, म्हणजे लोकर आत सरकत नाही. एलईडीला वीज देणारा तो छोटा डबा असतो, ड्रायव्हर म्हणतात, तो पण लोकरीत पुरला नाही, मोकळा ठेवला. आता मालक रिक्षातल्या पॅसेंजरनं घराचं काम काढलंय म्हटलं की हेच सांगत बसतात, लोकरीखाली चालणारा दिवा आहे का ते आधी विचारा म्हणून. कुणी ऐकतं, कुणी फोनवर असतं.

खोली गारच आहे. आत्या काठी घेऊन गॅलरीपर्यंत येतात, वरनंच भाजीवालीशी भाव करतात, अर्धा शब्द त्यांचा, अर्धा तिनं समजून घ्यायचा. माझं बरं चाललंय, आणखी काय पायजे माणसाला. जाताना आत्यांच्या पाया पडून जा, बोलायला वेळ लागतो त्यांना, तेवढं थांबा, पण आशीर्वाद पुरा देतात.